पाण्याची रेघ

कालव्याकाठच्या भिंतीसाठी मी काढलेलं पहिलं चित्र माशांचं होतं. निळे-नारिंगी मासे, त्यांच्यामधून वर येणारी कमळं, तळाशी हिरव्या पाणवनस्पती. पाच ड्रॉइंग शीट जोडून केलेलं ते लांबलचक रेखाटन गुंडाळून मी 2022च्या दिवाळीनंतर वस्तीतल्या समाजमंदिरात घेऊन गेले आणि सतरंजीवर उलगडलं. मुलांना मासे फार आवडले. भाजीची गाडी लावणाऱ्या मावशी मात्र बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, चित्र झ्याक हाय. पन आमच्या घरात शिरलं ते पानी ह्यात कुठंय?"

मी शीट गुंडाळून परत घेऊन आले. ते मासे अजून माझ्या कपाटावर आहेत.

वस्ती दांडेकर पुलाजवळची. पर्वतीच्या पायथ्यालगत मुठा उजवा कालवा जातो आणि त्याच्या खालच्या अंगाला ही घरं आहेत. पुण्यात त्याला कालवा कुणी म्हणत नाही, कॅनॉलच म्हणतात. 27 सप्टेंबर 2018, गुरुवार. अनंत चतुर्दशी होऊन चारच दिवस झाले होते, मांडव अजून पुरते उतरले नव्हते. सकाळी अकराच्या सुमारास कॅनॉलची भिंत फुटली आणि पाणी सिंहगड रस्त्यावरून दांडेकर पुलाच्या बाजूने वस्त्यांमध्ये घुसलं. शेकडो घरं पाण्यात गेली. मी तेव्हा शाळेत सहावीचा चित्रकलेचा तास घेत होते. रस्ता बंद आहे, घरी जायला उशीर होईल, इतकीच ती बातमी माझ्यापर्यंत पोचली. पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या तीन मुलांकडे चित्रकलेचीच काय, कुठलीच वही नव्हती. एका मुलीने भिजून फुगलेला रंगांचा डबा आणला होता. सगळ्या वड्या एकमेकींत मिसळून एकच मातकट रंग झाला होता. त्या डब्याची आठवण माझ्या मनातून गेली नाही. पुढे जेव्हा कॅनॉलकडेची भिंत रंगवायची कल्पना आली, तेव्हा मी थेट त्याच वस्तीत गेले. पण गेले ती मासे घेऊन.

हा कॅनॉल जुना आहे. खडकवासल्याचं धरण 1870च्या दशकात इंग्रजांनी बांधलं. कर्नल फाइफ यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. पुणे आणि खडकीच्या लष्करी छावण्यांना पाणी मिळावं आणि पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात शेती पिकावी, असा दुहेरी हेतू होता. दोन कालवे निघाले. डावा खडकीकडे गेला. तो कधीच बुजला आणि आता शहरात त्याची आठवण 'कॅनॉल रोड' या नावापुरती उरली आहे. उजवा मात्र वाहता आहे. पर्वतीखालून, स्वारगेटच्या मागून, एम्प्रेस गार्डनच्या कडेने, हडपसरवरून तो दौंडच्या दिशेने जातो. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासलाही फुटलं. नंतर धरण पुन्हा बांधलं आणि नवा उजवा कालवा इंदापूरपर्यंत गेला, 200 किलोमीटरहून लांब. सुरुवातीच्या काळात शेतकरी कालव्याचं पाणी घ्यायला बिचकत, म्हणून महात्मा फुल्यांनी मांजरीला जमीन घेऊन त्या पाण्यावर बागायत करून दाखवली. ज्या पाण्याने मांजरीचे मळे पिकले, त्याच पाण्याच्या वाटेवर ही वस्ती आहे. यातली बरीच कुटुंबं 1972च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूरकडून आली. पाणी नाही म्हणून गाव सोडलेली ही माणसं.

दुसऱ्या बैठकीला मी कागद नेलाच नाही. एक मोजायची टेप नेली आणि विचारलं, पाणी कुठवर आलं होतं?

माझ्या प्रश्नावर प्रत्येकाने शब्दांत नाही, हाताने उत्तर दिलं. कुणी गुडघ्यावर हात ठेवला, कुणी कमरेवर, एका आजींनी स्वतःच्या गळ्यावर. मग लगेच वाद सुरू झाला. वरच्या अंगाचे म्हणाले, आमच्याकडे धार होती, भांडी वाहून गेली. खालचे म्हणाले, तुमच्याकडून वाहून तरी गेलं, आमच्याकडे साठून राहिलं. मला कळेना की चार वर्षांनंतरही हे इतक्या हिरिरीने का चाललंय. मग समजलं, पंचनाम्याच्या वेळी कुणाचं नुकसान किती धरलं, याची गाठ अजून मनात होती. गल्लीत अकरा घरं आहेत, सगळी एका बाजूला. समोरच्या बाजूला कॅनॉलच्या भरावाला टेकू देणारी दगडी भिंत, साधारण सत्तर फूट लांब, नऊ फूट उंच. हीच आम्हाला रंगवायची होती.

वस्तीतले एक गवंडीकाका हे सगळं ऐकत होते. ते उठून घरी गेले आणि लेव्हल ट्यूब घेऊन आले. पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांचं पाणी नेहमी एकाच उंचीला राहतं, या साध्या नियमावर गवंडी घराच्या जोत्याची पातळी काढतात. त्यांनी पहिल्या घरातल्या भिंतीवरची लोणा धरल्याची रेघ दाखवली. ओल ओसरली तरी क्षार वर येऊन जिथवर चुनखडीसारखे पापुद्रे धरतात, ती रेघ. बहुतेक घरांनी नंतर रंग दिला होता, पण कपाटामागे, देव्हाऱ्याखाली कुठे ना कुठे ती उरलेली होती. एक टोक त्या रेघेला लावायचं, दुसरं गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीला, आणि खडूने खूण. मुलांना कामच मिळालं. अकरा घरं, अकरा खुणा.

खुणा जोडल्यावर जे दिसलं, त्याने गल्ली गप्प झाली. खालच्या सात घरांच्या खुणा एका सरळ आडव्या रेघेत होत्या, बोटभराचाही फरक नव्हता. कुणाच्या गुडघ्यापर्यंत आणि कुणाच्या गळ्यापर्यंत आलेलं पाणी एकाच पातळीचं होतं. गल्लीला उतार होता, इतकंच. वरच्या चार घरांशी रेघ तिरकी चढत गेली होती, कारण तिथे पाणी साठलं नव्हतं, धावत होतं. गळ्यावर हात ठेवणाऱ्या आजींचं घर सगळ्यात खाली आहे. त्या भिंतीपाशी आल्या, खुणेला हात लावला आणि वरच्या घरातल्या वहिनींना म्हणाल्या, "म्हंजे तुमचं बी खरं व्हतं."

माझ्या आजोळी, शनिवार पेठेतल्या वाड्यात, जिन्याच्या भिंतीवर पानशेतच्या पाण्याची खूण होती. लहानपणी मी तिच्यापेक्षा उंच कधी होणार, म्हणून तिथे उभी राहून बघायची. त्या पिढीतली माणसं काळ मोजायची तीही 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशी. हे सगळं मला ठाऊक असून वस्तीसाठी चित्र काढताना आठवलं नव्हतं. ती रेघ मला गल्लीनेच आठवून दिली.

चित्र तिथेच ठरलं. मधोमध ही रेघ. रेघेच्या खाली प्रत्येक घराने आपल्या समोरच्या भागात, पाण्याखाली गेलेलं आपलं जे काही असेल ते काढायचं. रेघेच्या वर कॅनॉलचा सगळा प्रवास, डावीकडे खडकवासल्याची भिंत, उजवीकडे ऊस. मी शाळेच्या मुलांना घेऊन आखणीला मदत करायची, पण कुणाचं चित्र 'दुरुस्त' करायचं नाही. ही अट मी स्वतःला घातली.

वारलीचा आग्रह काही तरुण मुलांनी धरला होता. शहरात भिंत म्हटली की वारली, हे आता समीकरणच झालंय. मला ती चित्रं प्रिय आहेत, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची कामं मी मुलांना दरवर्षी दाखवते. पण वारली ही पालघरकडच्या लोकांची भाषा आहे. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिण्यामागे त्यांचा सगळा विधी आहे. या गल्लीची स्वतःची भाषा नाही का? मी विचारलं, गावाकडे भिंतीवर काय काढायचात? नागपंचमीचा नागोबा, पोळ्याला बैलांवर गेरूचे ठसे, दिवाळीला चौकटीशी चुन्याचे हात. बोलता बोलता यादी वाढत गेली आणि वारलीचा विषय आपोआप मागे पडला.

आता परवानगीचा भाग. तो मी थोडक्यात सांगते, कारण त्यात गेलेला वेळ मोठा आहे, सांगण्यासारखं थोडं. भिंत कुणाच्या हद्दीत येते, हे ठरायलाच चार महिने गेले. एका कार्यालयात सांगितलं, ती आमची नाही, दुसऱ्यात सांगितलं, नकाशा मागवावा लागेल. अर्ज दोनदा गहाळ झाला. तिसऱ्यांदा भाजीवाल्या मावशी आणि गवंडीकाका माझ्याबरोबर आले आणि दिवसभर बाकावर बसून राहिले. त्या दिवशी सही झाली. ना-हरकत पत्रात चार अटी होत्या: भिंतीतली पाणी निथळायची भोकं बुजवायची नाहीत, भिंतीत खिळे किंवा खुंट्या ठोकायच्या नाहीत, रंगाचं पाणी कालव्यात जाऊ द्यायचं नाही आणि कालव्याच्या आतल्या अंगाला हात लावायचा नाही. चारही अटी शहाण्या होत्या. ज्याने त्या लिहिल्या, त्याला भिंत म्हणजे काय ते कळत होतं.

ते मला मात्र कळत नव्हतं. माझ्या अंदाजपत्रकात प्रायमर, एक्स्टिरियर इमल्शन आणि वरून चमकदार सीलर होता. ही यादी मी वस्तीतल्या एका आजोबांना दाखवली. त्यांनी आयुष्यभर कालव्यावर पाटकरी म्हणून काम केलं होतं. पाटकरी म्हणजे आवर्तन सुटलं, म्हणजे ठरावीक दिवसांसाठी कालव्यात पाणी सोडलं, की कालव्याच्या कडेने चालत जाऊन कुठे गळती आहे, कुठे चारी (शेताकडे जाणारा छोटा पाट) फुटलीय, कुणाच्या पाटाचं दार उघडं राहिलंय हे पाहणारा माणूस. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "पोरी, ह्या भिंतीला प्लास्टिकचा कागद गुंडाळनार काय?"

मग ते मला भिंतीपाशी घेऊन गेले. कॅनॉलला पाणी होतं. त्यांनी दगडांच्या सांध्यावरून हात फिरवून मला हात लावायला सांगितला. गार, किंचित ओलसर. भरावातून मुरलेलं पाणी दगडांच्या सांध्यातून आणि भोकांतून बाहेर येत असतं. ते बाहेर येणं चांगलं, कारण आत कोंडलेलं पाणी भिंत ढकलतं. इमल्शनचा थर हा रबरासारखा पापुद्रा असतो. ओल त्याच्या मागे अडकते, फोड येतात, एका पावसाळ्यात पोपडे सुटतात. आणि त्याहून वाईट म्हणजे नवी गळती त्याच्यामागे लपते. आजोबा म्हणाले, "मी चालायचो, तवा बघायचो काय? भिंतीचा रंग. कोरडा दगड एक दिसतो, पाजरणारा एक दिसतो. तुमी समदं रंगवून टाकलं तर पुढचा मानूस काय बघंल?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. वस्तीसाठी चांगलं करायला निघालेली मी, त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीची खूण पुसायला निघाले होते.

उपाय आजोबांनीच सांगितला: चुना. चुन्याच्या रंगाला छिद्रं असतात, भिंत त्यातून श्वास घेते, आणि ओल आली की चुना लगेच गडद पडतो. वाळला की पुन्हा पांढरा. ओल लपवायच्या ऐवजी तो ती बोलून दाखवतो. जुन्या दगडी बांधकामाच्या सांध्यांतही चुनाच होता, म्हणून दोघांचं जमतंही. मी घरी येऊन यादीवर काट मारली. खर्च निम्म्याहून खाली आला, वर्गणी आणि शाळेतल्या पालकांची मदत मिळून 19,000 रुपयांत सगळं बसलं.

चुन्याचं काम वेगळंच शिकावं लागलं. कळीचा चुना आणला. तो पाण्यात टाकला की उकळतो, अक्षरशः धडधडून. म्हणून चुन्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात हळूहळू चुना सोडायचा, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, मुलं दहा हात लांब. हे काम गवंडीकाकांनी एकट्याने केलं. मग दोन पिंपं झाकून पंधरा दिवस ठेवली, रोज ढवळलं. जितका मुरेल तितका चुना लोण्यासारखा होतो. मग जुन्या सुती लुगड्यातून गाळून, दुधाइतका पातळ करून, त्यात डिंकाचं पाणी.

रंग मोजकेच. चुना तिखट असतो, त्यात सगळे रंग टिकत नाहीत, काही चार दिवसांत मरतात. टिकतात ते मातीचे, म्हणजे गेरू आणि पिवडी (पिवळी माती), आणि शिवाय कपड्यांची नीळ. काळ्यासाठी काजळी, पण ती पाण्यात मिसळेना, वर तरंगायची. पेंटरमामांनी ती आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून दिली. पेंटरमामा म्हणजे वस्तीतले जुने बोर्ड रंगवणारे. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, मंडळांचे फलक सगळं त्यांनी एकेकाळी हातानं लिहिलेलं. नीळ आणि पिवडी मिसळून उसासाठी हिरवा करायला गेलो, तर शेवाळी रंग आला. मी नाराज झाले. मावशी म्हणाल्या, "ऊस असाच असतो, बाई. पोस्टरात हिरवागार असतो." त्यांचं माहेर दौंड तालुक्यातलं. याच कॅनॉलचं पाणी त्यांच्या भावाच्या उसाला जातं.

काम फेब्रुवारीत, दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांत केलं. कॅनॉल भरलेला असताना भिंत पाझरते आणि रंग धरत नाही. आधी पंधरा दिवस भिंत साफ करण्यात गेले. क्लासच्या आणि निवडणुकीच्या जुन्या ऑइलपेंटच्या जाहिराती तारेच्या ब्रशने खरवडल्या, शेवाळ काढलं, भोकांतला कचरा गजाने मोकळा केला. एका भोकातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा बोळाच निघाला आणि त्यामागून गाळाचं पाणी भळकन बाहेर आलं. पाटकरी आजोबा नुसते मान हलवत उभे होते.

मी ब्रश वाटले. चुन्याचा पहिला हात देताना ब्रशचे फराटे उठायला लागले, ठिकठिकाणी जाड-पातळ. वरच्या घरातल्या वहिनींनी ब्रश बाजूला ठेवला, जुन्या साडीचं बोळं चुन्यात बुडवलं, पिळलं आणि ओल्या भिंतीवर वरून खाली एका लयीत फिरवलं. पोतेरा देतात तसं. गावाकडे पांढऱ्या मातीचा पोतेरा त्या दर सणाला देत आल्या होत्या. बघता बघता सात-आठ बायका बोळी घेऊन उभ्या राहिल्या आणि दुपारपर्यंत भिंतीचा पहिला हात झाला. चुना लावताना काहीच दिसत नाही, नुसती भिंत ओली दिसते. लोकांना वाटलं, वाया गेलं. ऊन चढलं तशी ती हळूहळू पांढरी होत गेली. मुलं समोर बसून ते बघत होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना पुन्हा चुनखडी होतो, हे मी त्यांना तिथेच शिकवलं. सहावीच्या वर्गात कधी इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

रेघ ओढायच्या दिवशी रंगावरून चर्चा झाली. मी निळीचं भांडं तयार ठेवलं होतं. खालच्या आजींनी ते बघून मान हलवली. "निळं पानी नव्हतं ते. चहासारखं व्हतं, दूध कमी घातलेल्या." मग गेरू, पिवडी, चिमूटभर काजळी. तीनदा मिसळून आजींना दाखवलं, तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "हां. हेच." मला 2018चा तो भिजलेला रंगांचा डबा आठवला. पेंटरमामांनी दोरी गेरूत भिजवून दोघांकडून ताणून धरली आणि मधोमध ओढून सोडली. सात घरांपर्यंत सरळ रेघ उमटली. पुढची तिरकी त्यांनी हातानेच लिहिली. साठी उलटलेल्या त्यांच्या हाताला जराही कंप नव्हता.

रेघेखाली घरांनी जे काढलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. पायाने चालवायची शिलाई मशीन, पुढचं चाक फार मोठं. तरंगणारं सिलिंडर. कणगी. तीन कोंबड्या. फुगलेलं दप्तर, ज्यावर त्या मुलीने स्वतःचा इयत्तेचा आकडा लिहिला. लग्नाचा अल्बम, उघडा, आत दोन कोरे चौकोन. एका घरातल्या दोघी भावजया-नणंदांनी नुसते चुन्याचे आणि गेरूचे हात उमटवले. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरांना वर माळ्यावर दिलं, ते हात." एक शिक्षिका म्हणून मी प्रमाण, छाया, परिप्रेक्ष्य शिकवत आले. त्या भिंतीसमोर मला त्यातलं काही सुचवावंसं वाटलं नाही.

एका घराने काहीच काढलं नाही. त्या घरातल्या काकांनी सांगितलं, मला रोज उठून ते बघायचं नाही. त्यांच्या समोरचे सहा फूट आम्ही पांढरे ठेवले. रेघसुद्धा तिथे थांबते आणि पुढे पुन्हा सुरू होते. काहींना ते खटकलं, चित्र तुटल्यासारखं वाटलं. मला तो चित्रातला सगळ्यात खरा भाग वाटतो.

आणखी एक जागा मोकळी आहे. भिंतीत एका ठिकाणी जुनं दगडी बांधकाम आणि नंतरची काँक्रीटची डागडुजी यांचा सांधा आहे. पाटकरी आजोबांनी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट चित्र काढू दिलं नाही. नुसता चुना, तोही एकच हात. "हितं नजर ठेवायची," म्हणाले. वरच्या पट्ट्यातलं कॅनॉलचं चित्र त्या सांध्याशी येऊन थांबतं. अलीकडे धरण, पर्वतीच्या पायऱ्या आणि कॅनॉलवरचा दगडी पूल, पलीकडे मांजरीचा मळा, त्यात उभे जोतीराव, आणि शेवटी शेवाळी ऊस. मुलांनी जोतीरावांच्या हातात मोटेऐवजी पाटाचं फावडं दिलंय.

पहिल्या पावसाळ्यात रंग बराच उतरला. चुन्याचं हे असंच असतं, दरवर्षी हात द्यावा लागतो. मी काळजीत होते की एकदाचा उत्साह गेला की कोण करणार. पण दिवाळीआधी घरात रंगसफेदी चालली असताना बायकांनी भिंतीचाही चुना भिजवला होता. मला निरोप आला तो फक्त रेघेच्या रंगासाठी, प्रमाण विसरलं म्हणून. अल्बमच्या दोन कोऱ्या चौकोनांत कुणीतरी दोन चेहरे काढले होते. कोंबड्या तीनच्या पाच झाल्या होत्या.

पांढरे सहा फूट काकांनी स्वतः दिले, दोन हात, बाकी भिंतीपेक्षा स्वच्छ.

गेल्या ऑगस्टमध्ये गल्लीतल्या एका मुलाने फोन केला. सातवीत आहे तो. "टीचर, सांध्याजवळ काळं पडलंय." पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, बाकी भिंत वाळून पांढरी झाली होती, तिथे मात्र ताटाएवढा गडद डाग होता. पाटकरी आजोबांना जिना उतरवत नाही आता, दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून आणलं. त्यांनी डागाभोवती खडूने वर्तुळ काढायला लावलं आणि शेजारी तारीख. चार दिवसांनी डाग वर्तुळाबाहेर गेला, तेव्हा दुसरं वर्तुळ, दुसरी तारीख. त्याचे फोटो घेऊन मावशी आणि मी कार्यालयात गेलो. या वेळी पहिल्याच दिवशी माणूस पाहायला आला. सांध्यात भराई झाली, भोकं पुन्हा मोकळी केली.

खडूची वर्तुळं पुसलेली नाहीत. त्या मुलाने त्यांच्यावरून गेरूचा हात फिरवून ठेवलाय आणि तिसरी तारीख लिहिलीय, डाग वाळल्याची.